घरपट्टीची पावती ८०सीत बसत नाही

डिसेंबर संपत आला की चाकण, भोसरी, तळवड्यातल्या कंपन्यांचे एचआर विभाग कर्मचाऱ्यांकडून गुंतवणुकीचे पुरावे मागवतात. निगडी, यमुनानगर, आकुर्डीत नुकतंच घर घेतलेल्या माणसाच्या फायलीत मग विम्याच्या हप्त्याची पावती असते, मुलांच्या फीची असते, बँकेचं गृहकर्जाचं प्रमाणपत्र असतं आणि त्यांच्यासोबत हमखास पिंपरी चिंचवड महापालिकेची मिळकतकराची पावतीही जोडलेली असते. घर घेतलं, घरपट्टी भरली, म्हणजे ती आयकरातून वजा होणार, अशी त्यामागची खात्री. शेजाऱ्याने सांगितलेलं असतं, शॉपफ्लोअरवरच्या सहकाऱ्याने दुजोरा दिलेला असतो. पावती परत आली की राग एचआरवर निघतो.

एचआरचं बरोबर असतं. स्वतः राहत असलेल्या घराच्या घरपट्टीवर भारतात आयकराची एक रुपयाचीही वजावट मिळत नाही, जुन्या करप्रणालीत नाही आणि नव्यातही नाही. दरवर्षी हे सांगावं लागतं आणि पुढच्या डिसेंबरात त्याच पावत्या पुन्हा येतात.

या गैरसमजाचा उगम बहुतेकदा ८०सी या कलमातच असतो. आयकर कायदा १९६१ च्या ८०सी कलमात घराशी संबंधित काही खर्च खरोखरच बसतात. गृहकर्जाच्या हप्त्यातली मुद्दल बसते. घर विकत घेताना भरलेलं मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फीसुद्धा बसते, पण ज्या वर्षी भरली त्याच वर्षी. पिंपरी-चिंचवडमध्ये मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह ७ टक्के लागतं, खरेदीदार महिला असेल तर १ टक्का कमी. त्यामुळे त्या एका वर्षी दीड लाखाची मर्यादा सहज भरून जाते. मात्र हीच मर्यादा पीएफ, विमा आणि मुलांची फी यांच्यातही वाटली जाते, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. घराचे एवढे खर्च चालतात म्हटल्यावर घरपट्टीही चालत असेल, असा तर्क माणूस करतो. पण ८०सीच्या यादीत जे नाव नाही ते अंदाजाने घुसवता येत नाही, आणि घरपट्टीचं नाव तिथे कधीच नव्हतं. कर्मचारी आजवर जो १२बीबी फॉर्म भरत आले, त्यातही घरपट्टीसाठी रकाना नाही.

मग घरपट्टी आयकर कायद्यात आहे कुठे? कलम २३ मध्ये. हे कलम घरापासून मिळणाऱ्या उत्पन्नाचं आहे आणि सगळी गोम त्यातच आहे. घर भाड्याने दिलं की भाडं हे उत्पन्न, आणि ते मोजताना मालकाने स्थानिक संस्थेला भरलेला कर त्यातून वजा होतो. स्वतः राहत असलेल्या घराचं वार्षिक मूल्य मात्र कायदा शून्य धरतो. उत्पन्नच शून्य असेल तर घरपट्टी वजा कशातून करायची? गृहकर्जाच्या व्याजाला जुन्या प्रणालीत २ लाखांपर्यंत वजावट मिळते, कारण कायद्याने त्यासाठी वेगळी तरतूद केली आहे. घरपट्टीसाठी तशी तरतूद नाही.

हे शून्यही पूर्वीपासून नव्हतं. ऐंशीच्या दशकापर्यंत माणूस स्वतःच्या घरात राहत असला तरी त्या घराचं काल्पनिक भाडं, काही सवलती देऊन, त्याच्या उत्पन्नात धरलं जाई. १९८६ च्या वित्त कायद्याने ही पद्धत बंद करून मूल्य शून्य केलं. पुढे २०१९ मध्ये अशी सवलत असलेल्या घरांची संख्या एकावरून दोनवर नेली. म्हणजे निगडीत एक आणि गावी एक घर असेल, दोन्ही स्वतःसाठी ठेवली असतील, तर दोन्हींचं उत्पन्न शून्य आणि दोन्हींच्या घरपट्टीची वजावटही शून्य. तिसरं घर बंद ठेवलं तरी त्याचं संभाव्य भाडं उत्पन्न म्हणून दाखवावं लागतं आणि तिथे भरलेली घरपट्टी वजा होते.

गैरसमजाचं दुसरं मूळ साता समुद्रापार आहे. निगडी प्राधिकरणातल्या कितीतरी घरांतली मुलं अमेरिकेत आहेत आणि तिथला नियम खरोखर वेगळा आहे. तिथे राहत्या घराचा प्रॉपर्टी टॅक्स केंद्रीय आयकरातून वजा करता येतो. राज्य आणि स्थानिक करांच्या या वजावटीवर २०१८ पासून १०,००० डॉलरची मर्यादा होती, ती २०२५ च्या कायद्याने ४०,००० डॉलरवर नेली. वर्षाच्या मधे घर विकलं गेलं तर त्या वर्षाचा कर विकणारा आणि घेणारा यांच्यात दिवसांच्या हिशेबाने विभागून ज्याची त्याला वजावट मिळते. न्यू जर्सीतल्या मुलाने फोनवर सांगितलेलं त्याच्यापुरतं अगदी खरं असतं. निगडीतल्या वडिलांच्या विवरणपत्राला ते लागू नाही.

आता भाड्याने दिलेल्या घराकडे वळू, कारण वजावट मिळते ती तिथे, आणि नेमकी तिथेच अनेकजण ती मागत नाहीत. उदाहरणादाखल निगडीतला एक फ्लॅट दरमहा १८,००० रुपये भाड्याने दिला आहे असं धरू. वर्षाचं भाडं २,१६,०००. मालकाने घरपट्टी भरली ९,०००. ती वजा जाता उरले २,०७,०००. यावर दुरुस्ती वगैरेसाठी ३० टक्के प्रमाणित वजावट, म्हणजे ६२,१००. करपात्र राहिले १,४४,९००. गृहकर्ज असेल तर त्याचं व्याज यातून आणखी वजा. घरपट्टी दाखवलीच नसती तर हाच आकडा १,५१,२०० झाला असता. फरक ६,३०० रुपयांचा, कारण घरपट्टी आधी वजा होते आणि ३० टक्के उरलेल्या रकमेवर मोजतात. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा प्रत्यक्ष कर उपकरासह सुमारे १,३१० रुपयांनी कमी होतो. भरलेले ९,००० परत मिळतात असं समजणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांखालून घालावा.

कलम २३ ची भाषा इथे नीट वाचली पाहिजे. कर मालकाने भरलेला हवा आणि प्रत्यक्ष भरलेला हवा. तो कोणत्या वर्षाचा होता याला महत्त्व नाही. ज्या वर्षी भरला त्या वर्षी वजा होतो. भाड्याच्या घराची स्वतःकडची तीन वर्षांची थकबाकी मालकाने एकदम भरली तर ती सगळी त्याच वर्षी वजा करता येते. उलट बिल आलं पण भरलं नाही, तर वजावट नाही. करारानुसार घरपट्टी भाडेकरूने भरली असेल तर मालकाला ती मागता येत नाही. आणि उशिरा भरल्याबद्दल महापालिका दरमहा २ टक्क्यांनी जो दंड लावते, तो कर नाही. तो खिशातूनच जातो.

नव्या इमारतीत आणखी एक गुंता असतो. ताबा देताना बिल्डर वर्षा-दोन वर्षांचा मेंटेनन्स आणि त्याबरोबर प्रॉपर्टी टॅक्सपोटी रक्कम घेतो. त्याची पावती म्हणजे महापालिकेत कर भरल्याची पावती नव्हे. बिल्डरकडून महापालिकेची पावती मागून घ्यावी. आकारणी होऊन पहिलं बिल येतं तेव्हा त्यात मागच्या काळाची रक्कमही असू शकते, त्यामुळे कोणता काळ कोणी भरला याचा कागद हाताशी असलेला बरा.

नव्या करप्रणालीत कसलीच वजावट नाही, असंही सर्रास सांगितलं जातं. स्वतःच्या राहत्या घरापुरतं ते खरं आहे: तिथे ८०सीही नाही आणि व्याजही नाही. भाड्याच्या घराला मात्र नव्या प्रणालीतही घरपट्टी, ३० टक्के आणि व्याज अशा तिन्ही वजावटी मिळतात. व्याज भाड्यापेक्षा जास्त असेल तर होणारा तोटा पगारातून वजा करता येत नाही, एवढीच मर्यादा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला, तेव्हा आता सगळं बदललं अशी नवी आवई उठली. बदलले ते मुख्यतः कलमांचे क्रमांक. ८०सी आता कलम १२३ आहे, वार्षिक मूल्याचं कलम २१ आहे. राहतं घर शून्य आणि भाड्याच्या घराची घरपट्टी वजा, हा नियम जिथल्या तिथे आहे.

घर घेणाऱ्याने खरी काळजी घ्यायची ती वेगळ्याच गोष्टीची. आधीच्या मालकाची थकबाकी ही त्याची त्याने बघावी, असं म्हणून लोक जुना फ्लॅट घेतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार मिळकतकराचा बोजा मिळकतीवरच असतो. मालक बदलला तरी थकबाकी त्या घराबरोबर येते आणि जप्तीची नोटीस नव्या मालकाच्या दारावर लागू शकते. म्हणून खरेदीखतापूर्वी शेवटचं बिल आणि पावती पाहावी, थकबाकी कोण भरणार हे करारात लिहून घ्यावं. उपनिबंधक कार्यालयात नोंदणी झाली म्हणजे महापालिकेच्या दफ्तरी नाव आपोआप लागलं असंही गृहीत धरू नये. हस्तांतरणाची सूचना तीन महिन्यांच्या आत द्यावी असं अधिनियमाचे कराधान नियम सांगतात, आणि ती देण्याची जबाबदारी विकणारा व घेणारा या दोघांवर आहे.

बाकीच्या समजुतींना फार जागा देण्याची गरज नाही. राहत्या घराला ४० टक्के सवलत आणि त्यासाठीचा पीटी-३ फॉर्म हे पुणे महापालिकेचं आहे, पिंपरी-चिंचवडचं नाही. निगडीच्या लोकांनी तो फॉर्म शोधत फिरू नये. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला तो २०२२ मध्ये मुंबईत. प्राधिकरणातला भूखंड ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आहे म्हणून त्यावरच्या घराच्या भाड्यातून घरपट्टी वजा होत नाही, हेही चूक. बारा वर्षं किंवा अधिक मुदतीचा पट्टा असलेल्याला आयकर कायदा मालकच मानतो. घर विकताना भांडवली नफा काढायचा तेव्हा आजवर भरलेली घरपट्टी घराच्या किमतीत मिळवता येत नाही. पन्नास लाख किंवा त्याहून अधिक किमतीचं घर घेताना खरेदीदार जो १ टक्का टीडीएस कापून भरतो, तो विकणाऱ्याच्या खात्यावर जमा होतो, खरेदीदाराच्या नाही. सोसायटीचा मेंटेनन्स म्हणजे घरपट्टी नव्हे, आणि मीटरप्रमाणे येणारं पाण्याचं बिलही नव्हे.

एक समज मात्र धोकादायक आहे: घरपट्टी आपल्या नावावर येते म्हणजे घर कायदेशीर आणि मालकी पक्की. महापालिका अनधिकृत बांधकामावरही कर आकारते. याच शहरात अशा बांधकामांना वर्षानुवर्षं शास्तीकर लावला गेला आणि तो माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारला २०२३ मध्ये घ्यावा लागला. शास्ती माफ झाली म्हणून बांधकाम अधिकृत झालं नाही. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीच्या रेड झोनमध्ये तळवडे, रुपीनगर भागातल्या घरांनाही बिलं येतात, लोक इमानाने ती भरतात. पण त्या पावतीने बांधकामाला परवानगी मिळत नाही, आणि मालकीहक्कही सिद्ध होत नाही. अशी पावती दाखवून कोणी घर विकत असेल तर खरेदीखत, बांधकाम परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला मागितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

वजावट मिळत नाही हे कळूनही काहीजण ती विवरणपत्रात दाखवतात. औद्योगिक पट्ट्यात ठरावीक टक्के घेऊन रिफंड मिळवून देणारे एजंट आहेत. राहतं घर भाड्याचं दाखवणं आणि ८०सीत नसलेले आकडे भरणं हे त्यांचे नेहमीचे उद्योग. आयकर विभागाने जुलै २०२५ मध्ये देशभरात दीडशेच्या आसपास ठिकाणी खोट्या वजावटींविरुद्ध तपासणी केली. उत्पन्न कमी दाखवल्यास चुकवलेल्या कराच्या ५० टक्के आणि जाणूनबुजून चुकीची माहिती दिल्यास २०० टक्के दंड होऊ शकतो. नोटीस येते ती कामगाराच्या नावाने. एजंटचं नाव विवरणपत्रावर कुठेच नसतं.

राहत्या घराच्या घरपट्टीत पैसे वाचवायचे असतील तर ते महापालिकेच्या बिलातच वाचतात. पिंपरी-चिंचवडमध्ये दोन्ही सहामाहींचा कर ३० जूनपर्यंत एकरकमी भरणाऱ्यांना आणि ऑनलाइन भरणाऱ्यांना सामान्य करात सवलत दिली जाते; केवळ महिलेच्या नावावर असलेल्या राहत्या घरासाठीही सवलत आहे. दर आणि अटी बदलू शकतात, म्हणून बिल हाती आलं की त्या वर्षीची सवलत पाहून घ्यावी. त्यासाठी सीएची गरज नाही आणि कोणती करप्रणाली निवडली याचाही संबंध नाही. ज्यांनी यंदा जुनं घर घेतलं आहे त्यांनी त्याआधी एक काम करावं: महापालिकेच्या संकेतस्थळावर आपल्या मिळकत क्रमांकाची थकबाकी पाहावी आणि बिलावर अजून आधीच्या मालकाचं नाव असेल तर हस्तांतरणाचा अर्ज याच महिन्यात द्यावा.