घरातील भावंडांचा कल्पनाखेळ : निरीक्षणाची एक दृष्टी

मूल एका वस्तूस किंवा व्यक्तीस दुसरीच मानून तदनुसार वागू लागते, तेव्हा त्या खेळास कल्पनाखेळ म्हणतात. भातुकली हे त्याचे आपल्याकडील सर्वपरिचित रूप होय. अशा खेळाचे निरीक्षण घरातच करण्याची परंपरा जुनी आहे. झाँ पियाजे यांचा १९४५ सालचा या विषयावरील ग्रंथ मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या तीन अपत्यांच्या नोंदींवर उभा आहे. तथापि एकट्या मुलाचा खेळ आणि दोन भावंडांचा खेळ यांत महत्त्वाचा भेद आहे. तो ध्यानी न घेतल्यास निरीक्षणातील मर्माचा भागच निसटतो.

लेव वायगॉट्स्की यांनी १९३३ सालच्या व्याख्यानात जेम्स सली यांनी नोंदविलेले एक उदाहरण दिले आहे. पाच व सात वर्षांच्या दोन सख्ख्या बहिणी ‘बहिणी-बहिणी’ खेळू लागल्या. एरवी नकळत निभावले जाणारे नाते खेळात शिरताच नियम बनले व त्याची त्यांस जाणीव झाली. पुढे ज्यूडी डन व नेओमी डेल यांनी १९८४ साली दोन वर्षांच्या मुलांच्या खेळाची तुलना केली. आई बहुधा खेळाबाहेर राहून सूचना देते, तर मोठे भावंड स्वतः पात्र होऊन खेळात उतरते, असे त्यांस आढळले.

मराठी घरांत या भेदाचा मागोवा घेण्यास भाषेचेच साह्य मिळते. समजा, बोरिवलीतील एका घरात सात वर्षांची बहीण व चार वर्षांचा भाऊ दवाखाना खेळत आहेत. भाऊ डॉक्टर होताच ताई त्यास म्हणते, “अहो डॉक्टर, सुई टोचू नका.” तो उत्तरतो, “जीभ दाखवा.” मग एकाएकी तो सांगतो, “ताई, तू रड ना, पण खोटं खोटं!” ‘तुम्ही’चे ‘तू’ झाले त्याच क्षणी तो डॉक्टर राहिला नाही, खेळाचा सूत्रधार झाला. धाकटे भावंड केवळ अनुकरण करते हा समज अशा एका वाक्याने डळमळतो. परंतु नोंदवहीत ‘दवाखान्याचा खेळ, दहा मिनिटे’ एवढेच लिहिले, तर हे सारे लुप्त होते.

अर्थात हे एकमेव गमक नव्हे. ‘आई’ व ‘बाळ’ यांच्या खेळात ‘तू’ कायमच राहतो. तेथे आवाजाचा बदल व हावभाव पाहावे लागतात. शिवाय उपनगरांत मराठीशेजारी हिंदी, गुजराती व इंग्रजी सतत कानी पडतात. खुर्च्यांची लोकल करणारी मुले ‘पुढील स्टेशन कांदिवली’ म्हणून लगेच हिंदीत प्रवाशांना दटावू शकतात. म्हणून उच्चारलेले शब्द, भाषा व संबोधन जसेच्या तसे टिपावेत. त्यांचे शुद्धलेखन करू नये.

“नेहमी तूच का आई?” यासारख्या वादासही ‘व्यत्यय’ म्हणून वगळू नये. लहान घरात असा आवाज चढला की वडीलधारी माणसे मुलांस वेगळे करतात. संशोधकाने तरी घाई टाळावी. कोणी कोण व्हावे हे ठरविणे हाही खेळाचाच भाग आहे, आणि दुसऱ्याच्या मनात काय आहे याचा अंदाज मुलास तेथेच घ्यावा लागतो.

निरीक्षक स्वतः त्या खोलीतील आणखी एक प्रौढ प्रेक्षक असतो, हे विसरता कामा नये. पालकांची संमती घेऊन, अनेक भेटींनंतर मुले त्यास सरावली म्हणजेच नोंदींस प्रारंभ करणे इष्ट.