चॉकलेट आणि कॅडबरी

चॉकलेट आणि कॅडबरी या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे मी नागपूरला शाळेत असतानाच शिकलो. वाढदिवसाला मी वर्गात 'चॉकलेट' वाटले, म्हणजे साखरेच्या गोळ्या. एका मित्राने कॅडबरी वाटली आणि तो श्रीमंत ठरला.

वास्तविक चॉकलेट कोकोचे. माझ्या गोळीत कोकोचा कणही नव्हता. मग हा उलटफेर कसा झाला? मालेगावजवळ रावळगावला वालचंद हिराचंद यांच्या कारखान्यात १९४२ पासून गोळ्या बनू लागल्या. अशा स्वस्त, उन्हात टिकणाऱ्या गोळ्यांनाच घरोघर 'चॉकलेट' म्हणू लागले. १९४८ साली कॅडबरी भारतात आली, आणि खऱ्या चॉकलेटला तिचे नाव पडले. कोकोचे लोणी सुमारे ३४ अंशांना वितळते. आमचा मे महिना ४५ अंशांचा! साहजिकच कॅडबरी फ्रीज असलेल्या दुकानाची वस्तू झाली.

१९९४ च्या जाहिरातीत क्रिकेटच्या मैदानावर नाचणाऱ्या तरुणीने ती मोठ्यांचीही केली. २०१४ मध्ये कंपनीचे नाव मोंडेलीझ झाले. आमच्या तोंडचे बदलले नाही. धाकटी बहीण आजही दुसऱ्याच कंपनीच्या वडीकडे बोट दाखवून म्हणते, "काका, ती कॅडबरी द्या." शब्दकोशात दोन्ही शब्दांचा अर्थ काहीही असो, वर्गात त्यांचा अर्थ ऐपत असा होता.