छातीवर कालचा पेपर

पहाटे ४.३०

माय आधी चूल पेटवते, मग मला उठवते. बनियन, शर्ट, शर्टावर कालचा पेपर उघडून पोटापर्यंत, त्यावर स्वेटर, आणि सगळ्यात वर पावसाळ्यातला रेनकोट. जानेवारीत रेनकोट घातलेला बघून फाट्यावरची पोरं आधी हसायची. पण स्वेटर म्हणजे चाळण. घरात बसलेल्याला तो ऊब देतो, गाडीवरच्याला नाही. ऊब धरणारं आत पाहिजे आणि वारा अडवणारं बाहेर. हे उलटं केलं की दोन्ही वाया.

मफलर बांधून त्याची टोकं रेनकोटात कोंबतो. मोकळं टोक चाकात गेलं तर थंडीचा प्रश्नच उरत नाही.

४.५५

चोक ओढून तीन किका. चौथीला गाडी सुरू. मागं दोन्ही बाजूंच्या हुकांना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन, अजून रिकामे, खडखडणारे. हँडलच्या दोन्ही मुठींवर मी युरियाच्या पोत्याच्या पिशव्या शिवून बसवल्यात. तोंड मुद्दाम मोठं ठेवलंय. आत क्लच-ब्रेक मोकळे राहिले पाहिजेत, आणि वेळ आली तर हात झटक्यात बाहेर आला पाहिजे.

५.१०

पहिली वस्ती. वाशी तालुक्यातला हा भाग बालाघाटाच्या पठारावर. रात्री आभाळ निरभ्र असलं की जमिनीची ऊब सगळी वर निघून जाते. आज्जीची धार नुकतीच झालेली असते. धारोष्ण दूध अंगाएवढंच गरम, ३७-३८ अंश. माप घेण्याआधी मी किटलीला दोन्ही तळवे लावून उभा राहतो.

"दूध मोजायला आलास का शेकायला?"

"दोन्हीला, आज्जी."

ती रोज हेच विचारते. मीही रोज हेच सांगतो.

५.४०

ओढ्याचा उतार. गार हवा जड, ती रात्रभर सखल जागी साचते. त्यामुळं पुलाच्या अलीकडं पंधरा-वीस पावलांतच थंडी एकदम अंगावर येते, गार पाण्यात पाय घातल्यासारखी. पूल ओलांडून चढ लागला की जरा सुटका. डोळ्यांतून पाणी येतं ते रडू नव्हे, वाऱ्याचं. हेल्मेटची काच पूर्ण लावली तर श्वासाची वाफ धरते, उघडी ठेवली तर भुवया बधिर. बोटभर फट ठेवायची.

मी बीएस्सी फिजिक्स. नोकरी लागली नाही, पण शिकलेलं इथं उपयोगी पडतं. आपल्या कातडीला लागून तापलेल्या हवेचा पातळ थर असतो, तेच आपलं फुकटचं पांघरूण. वारा ते सतत ओढून नेतो. १९४० च्या हिवाळ्यात पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन अमेरिकनांनी अंटार्क्टिकात प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात किती वेळात गोठतं हे मोजलं. वाऱ्याच्या थंडीचा हिशेब तिथून सुरू झाला. पुढं २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडानं सूत्र सुधारलं. ते पायी चालणाऱ्याच्या चेहऱ्यासाठी आहे, गाडीवाल्यासाठी नव्हे. तरी अंदाज येतो. हवा ८ अंश असताना ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्यात ती ५ अंशांसारखी लागते. ४० ला साधारण सव्वातीन, ५० ला पावणेतीन.

आकडे परत बघा. २० वरून ५० वर गेलं तरी फरक दोन अंशांचाच. थंडीनं आपला बहुतेक वाटा पहिल्या वीसमध्येच काढून घेतलेला असतो. म्हणून "गाडी हळू चालव, गार लागणार नाही" हा अण्णांचा सल्ला मी ऐकतो, पाळत नाही. हळू गेलं की वाऱ्यात राहायचा वेळ वाढतो, एवढंच. खरा इलाज वारा अडवणं, नाहीतर थांबणं.

६.२०

थांबतो. पाचवी वस्ती झाली, कॅन भरत आले. इंजिनाजवळ हात धरतो, टेकवत नाही. बधिर बोटाला चटका कळत नाही, फोड आल्यावर कळतो.

दोन वर्षांपूर्वी मी थांबलो नव्हतो. उशीर झाला होता, हातात दुधानं भिजलेले लोकरी मोजे. ओलं कापड वाऱ्यात सुकतं ते अंगातली ऊब घेऊनच. समोर उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. तो दिसला वेळेवर. बोटांना निरोप उशिरा पोचला. ब्रेक दाबला असं मला वाटलं, बोटं मात्र मुठीवरच होती. गाडी खाली घातली म्हणून वाचलो. चाळीस लिटर दूध डांबरावर गेलं. तेव्हापासून डिकीत कोरड्या मोज्यांची दुसरी जोडी असते.

७.१५

दिवस उजाडताना थंडी सगळ्यात कडक. सरमकुंडी फाट्यावर चहा. ग्लास धरायचा, प्यायची घाई करायची नाही.

७.४०

खवा भट्टी. आत शिरलं की चष्म्यावर वाफ. कढईत दूध आटतंय, खुरपणी फिरतेय. पाच-सहा लिटर दुधाचा किलोभर खवा. इथल्या कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या कागदावर आमच्या बोटांचा उल्लेख नसणार.

भट्टीवाले मालक कॅनला हात लावून म्हणतात, "गार आलंय, झकास." हा व्यवहार मला मजेचा वाटतो. जो वारा माझी बोटं गारठवतो तोच दूध टिकवतो. एप्रिलात याच फेरीला दूध फाटायची धास्ती असते, आता नाही. आणि वारा कितीही सुटू दे, कॅन हवेपेक्षा गार होत नाही, फक्त लवकर गार होतो. ८ च्या खालचं गाऱ्हाणं एकट्या कातडीचं.

फॅट लागली, नोंद झाली. नोटा मोजायला बोटं अजून तयार नाहीत. मालकच मोजून देतात.

दुपार

हरभऱ्याला पाणी. अंगात नुसता शर्ट, तरी घाम. सकाळचा माणूस वेगळाच कुणीतरी होता असं वाटतं.

सायंकाळी ५.३०

दुसरी फेरी छोटी, दोनच वस्त्या. सूर्य मावळला की पुन्हा रेनकोट.

रात्री ९

कोरडे मोजे चुलीपाशी. ओले मुद्दाम लांब. मागं एक जोडी जळाली. उद्यासाठी आजचा पेपर. आज रविवार, पुरवणीसकट आलाय, चांगला जाड. पण अण्णांनी त्यातलं शब्दकोडं कापून घेतलंय. घडी करून बघितली, उलटी करून बघितली. कशीही घातली तरी भोक डाव्या छातीवरच येतंय.