केआयआर: माणसागणिक बदलणारी जनुकं

आपल्या रक्तातल्या ‘नॅचरल किलर’ पेशी समोरची पेशी निरोगी आहे की विषाणूने ग्रासलेली, हे केआयआर नावाच्या ग्राहींनी चाचपून पाहतात. या ग्राहींची जनुकं 19व्या गुणसूत्रावर असतात आणि गंमत म्हणजे त्यांची संख्यासुद्धा माणसागणिक बदलते! हे ग्राही समोरच्या पेशीवरच्या ज्या एचएलए खुणा तपासतात, त्यांची जनुकं मात्र 6व्या गुणसूत्रावर. दोन्ही वारसे स्वतंत्र, त्यामुळे सख्ख्या भावंडांतही जोड्या वेगळ्या असू शकतात.

गरोदरपणात तर आईचे केआयआर आणि बाळाच्या एचएलए खुणा यांची जोडी फारच महत्त्वाची. आईकडे केआयआरचा ‘एए’ संच आणि बाळाकडे एचएलए-सी2 प्रकार असेल, तर प्री-एक्लॅम्प्सिया या गरोदरपणातल्या उच्च रक्तदाबाच्या आजाराचा धोका वाढतो, असं केंब्रिजच्या संशोधकांनी 2004 मध्ये दाखवलं. मला हे विलक्षण वाटतं! धोका वाढतो म्हणजे आजार होतोच असं नाही. पण गरोदर मैत्रिणींनो, प्रत्येक तपासणीत रक्तदाब मोजून घ्याच.