पावसाळी इन्फ्लुएंझा आणि लस टोचण्याचा महिना

इन्फ्लुएंझा हा थंडीचा आजार, ही समजूत आपल्या सुशिक्षित घरांतून इतकी रूढ आहे कीं तिच्याविषयीं कोणी शंकाहि घेत नाहीं. ती आपणांकडे आली तीं पुस्तकें लंडनचीं आणि ते निरोप न्यू जर्सीचे! तिकडे तें खरेंच आहे. उत्तर गोलार्धांतील समशीतोष्ण देशांत या रोगाची भरती डिसेंबर ते मार्चमध्यें येते; ऑस्ट्रेलियांत ऋतु उलटे, म्हणून तेथें ती जून ते सप्टेंबरांत येते. दोन्हीकडे हंगाम हिवाळ्याचाच. परंतु आम्ही राहतों त्या जोगेश्वरीला हिवाळा असा कितीसा असतो? गोधडी बाहेर काढावी, तों ती परत घडी करून ठेवण्याची वेळ येते. आमच्याकडे या रोगाचा मुख्य हंगाम पावसाळा होय.

ही नुसती अटकळ नव्हे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनें इतर संस्थांच्या साह्यानें देशांतील निरनिराळ्या शहरांतल्या रुग्णांच्या नाका-घशांतील स्राव वर्षानुवर्षें तपासले, आणि २०१५ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुणें व दिल्ली येथें रोगाचा जोर पावसाळ्यांत आढळला. चेन्नई व वेल्लोर येथें, जिकडे परतीचा पाऊस मोठा, तिकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरांत. आणि श्रीनगरला मात्र युरोपाप्रमाणें ऐन हिवाळ्यांत. एकाच देशांत तीन पंचांगें! जानेवारी ते मार्चमध्यें आपल्याकडेहि एक दुसरी लाट येते. ती बहुधा लहान असते. तथापि २०१५ सालीं तिनें महाराष्ट्रासह देशांत बराच अनर्थ केला, म्हणून ती अगदींच दुर्लक्षिण्याजोगी नाहीं.

असें कां व्हावें? थंड व कोरड्या हवेंत हे विषाणु अधिक काळ टिकतात, आणि शिंकेचे बारीक तुषार सुकून हवेंत तरंगत राहतात, हें प्रयोगांनीं दिसून आलें आहे. या न्यायानें जुलैंतील आमच्या दमट हवेंत रोग मावळावयास हवा; तो बळावतो, हें कोडें पुरतें सुटलेलें नाहीं. अति कोरडी आणि अति दमट अशा दोन्ही टोकांच्या हवा त्यास मानवत असाव्यात, असें कांहीं शास्त्रज्ञांचें मत आहे. आम्हांस त्याबरोबर दुसरेंहि एक कारण वजनदार वाटतें. जूनच्या मध्यास शाळा उघडतात, आणि त्याच सुमारास पावसाच्या झडीमुळें घरांच्या, वर्गांच्या व चर्चगेटला जाणाऱ्या लोकलच्या खिडक्या मिटतात. नातू वर्गांतून ताप घेऊन येतो, दोन दिवसांत खेळूं लागतो. आणि त्याला मांडीवर घेऊन गोष्टी सांगणारे आजोबा पंधरा दिवस अंथरुणास खिळतात. एकत्र कुटुंबाचें सुख तें हें, आणि धोकाहि हाच.

नवीन जातीचा विषाणु मात्र कोणतेंहि पंचांग पाहत नाहीं. १९१८ च्या जूनमध्यें मुंबई बंदराच्या बाजूनें साथ शहरांत शिरली. १० जून रोजीं पोलिसांतील ७ शिपाई तापानें इस्पितळांत दाखल झाले. ती पहिली लाट ओसरली, असें वाटतें न वाटतें तोंच सप्टेंबरांत दुसरी उसळली, आणि ६ ऑक्टोबर या एका दिवशीं मुंबईंत ७६८ माणसें दगावलीं. जोगेश्वरी तेव्हां शहराच्या हद्दीबाहेरचें खेडें होतें. तें मुंबईंत आलें १९५० सालीं.

आतां मुख्य मुद्दा. परदेशस्थ मुलगा किंवा सून ऑक्टोबरांत दूरध्वनीवर विचारते, "बाबा, फ्लूची लस घेतलीत ना?" आणि बाबा आज्ञाधारकपणें टोचून घेतात. लशीचें बळ महिन्यागणिक ओसरतें, वृद्धांत तर विशेषच. ऑक्टोबरांत घेतलेली लस पुढील जुलैंत, म्हणजे खऱ्या गरजेच्या वेळीं, क्षीण झालेली असते. जागतिक आरोग्य संघटना लशींतील घटक वर्षांतून दोनदां सुचविते : फेब्रुवारींत उत्तर गोलार्धाकरितां, सप्टेंबरांत दक्षिण गोलार्धाकरितां. आपण भूगोलानें उत्तरेचे असलों, तरी सप्टेंबरांत ठरलेली लस तयार होते ती आपल्या पावसाळ्याच्या आधीं. आमच्या कामाची तीच. मुंबई-पुण्याकडील घरांनीं एप्रिल-मे हे महिने त्यासाठीं राखून ठेवावेत. टोचल्यावर शरीरांत शक्ति यावयास सुमारें दोन आठवडे लागतात, आणि मुंबईस पाऊस साधारणतः ११ जूनच्या सुमारास लागतो, तेव्हां आंब्याच्या पेट्या उघडण्याच्या दिवसांतच हें काम उरकावें. नऊ वर्षांखालील मुलास प्रथमच टोचावयाचें असेल तर महिन्याच्या अंतरानें दोन मात्रा लागतात. त्याचा आरंभ एप्रिलांतच हवा. साठीपुढील माणसें, गर्भवती स्त्रिया, मधुमेही व दमेकरी यांना अग्रक्रम द्यावा. सहा महिन्यांखालील तान्ह्या बाळास ही लस देत नाहींत. त्याच्यासाठीं घरांतील इतरांनीं टोचून घेणें हाच उपाय.

लस घेतली म्हणजे पावसाळ्यांतील प्रत्येक तापापासून सुटका झाली, असें मात्र नव्हे. याच महिन्यांत मुंबईंत हिवताप, डेंग्यू आणि पुराच्या पाण्यांतून चालल्यानें होणारा लेप्टोस्पायरोसिसहि असतो. आरंभीं या साऱ्यांची कसकस व डोकेदुखी सारखीच भासते. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर तिसऱ्यानें येथें किती घरें ओढवून घेतलीं, तें उपनगरवासीयांस सांगावयास नको. आल्याचा काढा व गवती चहा यांनीं घशास आराम पडतो, तो खुशाल द्यावा. मात्र मुलांस तापांत अॅस्पिरिन देऊं नये. जीवाणुनाशक गोळ्या इन्फ्लुएंझावर चालत नाहींत. या रोगावरील औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालें तर अधिक उपयोगी पडतें. म्हणून वृद्धांस ताप व खोकला एकदमच आला, धाप लागली किंवा माणूस गुंगूं लागला, तर "उद्यां पाहूं" न म्हणतां त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें, आणि तोंवर आजोबांचा पलंग नातवाच्या खोलींतून हलवून खिडकीची एक फळी पावसांतहि उघडी ठेवावी.