मुलांचे भय आणि मुलांचा शोक

घरात मृत्यू घडला की पहिल्या चार दिवसांत एक वाक्य हमखास कानी पडते. माजघरात बायका जमलेल्या असतात, ओसरीवर पुरुषमंडळी मान खाली घालून बसलेली असतात, आणि गेलेल्या माणसाचा सहासात वर्षांचा मुलगा अंगणात शेजारच्या पोरांबरोबर गोट्या खेळत असतो. त्याच्याकडे पाहून कोणी तरी डोळ्यांना पदर लावते आणि म्हणते, "बिचारा! त्याला काय कळतंय?"

श्रोतेहो, या वाक्यातील करुणेविषयी शंका घेण्याचे कारण नाही; परंतु ते खरे नाही. मुलाला कळत असते. मात्र मोठ्या माणसाप्रमाणे सलग दुःख करणे त्याला झेपत नाही. ते त्या दुःखात क्षणभर शिरते, घाबरते आणि पुन्हा बाहेर येऊन खेळू लागते. रात्री अंथरुणावर पडल्यावर एकदम एखादा प्रश्न विचारते, आणि उत्तर पुरे होण्यापूर्वी झोपी जाते. आपण त्याचा खेळ तेवढा पाहतो, आणि तो प्रश्न विसरतो.

मृत्यू म्हणजे काय, हे मुलाला उमगते तरी केव्हा? हंगेरीतील मारिया नागी या विदुषीने बुडापेस्ट आणि त्याच्या आसपासच्या तीन ते दहा वर्षांच्या ३७८ मुलांना या विषयावर बोलते केले आणि आपले निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध केले. पाच वर्षांच्या आतील मुलांना मृत्यू हा एक प्रकारचा प्रवास किंवा झोप वाटे. गेलेला परत येणारच, असे ती धरून चालत. त्यांच्याहून मोठी मुले मृत्यूला माणसाचे रूप देत. तो येतो आणि लोकांना घेऊन जातो. नऊ वर्षांच्या पुढेच मरण अटळ आणि सर्वांना आहे, हे स्पष्ट होई. पुढे अमेरिकेतील मुलांमध्ये मृत्यूला माणूस मानण्याची ही कल्पना फारशी आढळली नाही. तेव्हा ती त्या देशातील आणि त्या काळातील कथाकहाण्यांतून आलेली असावी. आता अभ्यासकांचे सर्वसाधारण मत असे की, गेलेले परत येत नाही, मृत शरीराला भूक, थंडी वा वेदना होत नाहीत, आणि मरण सर्वांना आहे, या तीन गोष्टी बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान कळू लागतात.

आता आपली रीत पाहा. "बाबा गावाला गेलेत", "आई देवाघरी गेली" असे आपण सांगतो. चार वर्षांच्या मुलाच्या लेखी गाव आणि देवाचे घर ही दोन्ही परत येण्याजोगी ठिकाणे होत. आमच्या गल्लीतील एका सात वर्षांच्या मुलाचे वडील अपघातात गेले, तेव्हा ते पुण्याला कामावर गेल्याचे त्याला सांगण्यात आले. सांगणाऱ्यांत मीही होतो, हे कबूल केले पाहिजे. तो मुलगा रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसून रस्त्याच्या वळणाकडे पाहत राही. तीनचार महिन्यांनी त्याने तेथे बसणे सोडले, आणि पोर विसरले म्हणून आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. वर्षश्राद्धाच्या दिवशी त्याच्या आजीने मन घट्ट करून त्याला खरे ते सांगितले. तो म्हणाला, "मला ठाऊक होतं, आजी. पण मी विचारलं की आई आत जाऊन रडते." म्हणजे वर्षभर तो आपल्या आईला सांभाळत होता, आणि त्याला सांभाळणारे कोणी नव्हते.

हे एकाच घरातील झाले, असे कोणी म्हणेल. अमेरिकेत बोस्टनच्या परिसरात विल्यम वर्डेन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी आई किंवा वडील गमावलेल्या ७० कुटुंबांतील १२५ मुलांचा दोन वर्षे मागोवा घेतला. मृत्यूनंतर चार महिन्यांनी, एका वर्षाने आणि दोन वर्षांनी, अशा तीन वेळा ते मुलांशी व पालकांशी बोलले. बहुसंख्य मुले सावरली, ही त्यातील दिलाशाची गोष्ट. परंतु सुमारे एकतृतीयांश मुलांना या काळात केव्हा ना केव्हा बऱ्यापैकी गंभीर अडचणी आल्या. आणि ही मुले व आईवडील हयात असलेली मुले यांच्यातील अंतर पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस अधिक ठळक दिसले. आपण वर्षश्राद्ध उरकले की दुःखाचे वर्ष सरले असे मानतो. शाळेतले शिक्षकही तोवर ती गोष्ट विसरलेले असतात.

याच पाहणीत दिसून आले की, मूल कसे सावरेल हे मागे राहिलेले आईवडील किती सावरले आहेत यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. घरातील जेवणाच्या, झोपेच्या आणि शाळेच्या वेळा पूर्ववत राहणे, ही वरवर क्षुल्लक वाटणारी गोष्ट मुलाला फार मोठा आधार देते. आणखी एक गोष्ट अशी की, मुले मृताशी असलेले नाते तोडत नाहीत. त्याची एखादी वस्तू उशाशी ठेवतात, त्याच्याशी बोलतात, तो कोठून तरी आपल्याकडे पाहत आहे असे त्यांना वाटते. फ्रॉइडच्या १९१७ सालच्या निबंधापासून मृताविषयीचा बंध हळूहळू सोडवणे हेच शोकाचे कार्य, असे मानण्याचा प्रघात पडला होता. मुलांनी तो खोटा ठरवला.

शोकाचे हे झाले. भय ही निराळी गोष्ट आहे. १५ जुलै १९७६ रोजी कॅलिफोर्नियातील चौचिला या गावी तिघा बंदूकधाऱ्यांनी शाळेची बस अडवून २६ मुलांना आणि चालकाला पळवले. बंद गाड्यांतून सुमारे अकरा तास फिरवून एका खाणीत जमिनीखाली पुरलेल्या ट्रकच्या डब्यात त्यांना कोंडण्यात आले. सुमारे सोळा तासांनी चालकाने मोठ्या मुलांच्या मदतीने वाट खणून काढली आणि सर्व मुले जिवंत घरी परतली. कोणीही मेले नव्हते. म्हणजे शोकाचे कारणच नव्हते. तरीही लिनोर टेर या मानसचिकित्सक बाईंनी त्यांतील २३ मुलांना तपासले, तेव्हा आघाताच्या खुणा नाहीत असे एकही मूल त्यांना आढळले नाही. चार वर्षांनंतरही तीच स्थिती होती. मुले तो प्रसंग पुन्हा पुन्हा खेळत, पण त्या खेळात मौज नसे. आपण पुरते मोठे होऊ, आपला संसार होईल, याचा भरवसा त्यांना उरला नव्हता. आदल्या दिवशीच्या कुठल्याशा क्षुल्लक गोष्टीत अपशकुन शोधून, तो आपल्याला कळायला हवा होता, असा दोष काही मुले स्वतःला देत.

या दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या वाट्याला एकाच दिवशी आल्या तर काय होते? आर्मेनियात ७ डिसेंबर १९८८ रोजी दुपार होण्यापूर्वी, शाळा भरलेल्या असताना, भूकंप झाला. निदान २५,००० माणसे दगावली. त्यांत वर्गात बसलेली असंख्य मुले होती. आर्मेन गोएंजियन आणि रॉबर्ट पिनूस हे दोघे मानसचिकित्सक तेथील मुलांबरोबर पुढे अनेक वर्षे काम करीत राहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, भय हे शोकाच्या दारात आडवे पडते. समजा, एका मुलीला आपल्या धाकट्या भावाची आठवण काढावयाची आहे, त्याचे हसणे, त्याचे हट्ट आठवावयाचे आहेत. परंतु भाऊ आठवला की आधी ढिगारा दिसतो, किंकाळी ऐकू येते. मग ती भावाची आठवणच टाळू लागते. घरात त्याचे नाव निघाले की उठून जाते, आणि घरची माणसे म्हणतात की पोरगी पाषाणहृदयी आहे.

म्हणून या चिकित्सकांनी स्मरणाच्या दोन जाती वेगळ्या केल्या. जिन्याखाली जमणारी धूळ, जड वाहनाने होणारी कंपने, डिसेंबरमधील तो दिवस या आघाताच्या आठवणी. ताटाभोवतीची रिकामी जागा, निकालाचा दिवस, वाढदिवस या वियोगाच्या. मुलाला त्या ओळखून नावाने सांगता आल्या की त्यांची झडप निदान अनपेक्षित राहत नाही. ग्युम्री शहरातील काही शाळांत भूकंपानंतर दीड वर्षाने किशोरवयीन मुलांना तीन आठवडे असे साहाय्य देण्यात आले. काही बैठका गटाने आणि काही एकेकट्याने, इतकेच. प्रसंगातील सर्वांत वाईट क्षण त्यांना सांगू दिला. त्या क्षणी काय करावेसे वाटले होते, कोणाला ओढून बाहेर काढावयाचे होते, हेही सांगू दिले. दीड वर्षाने पाहता या मुलांच्या आघाताच्या खुणा कमी झाल्या होत्या, तर साहाय्य न मिळालेल्या मुलांच्या वाढल्या होत्या आणि त्यांची खिन्नताही अधिक गडद झाली होती. काळ हेच औषध, या आपल्या समजुतीला हा मोठाच धक्का होय.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, त्याची आठवण लातूर, धाराशिव, सोलापूर, हैदराबादकडील श्रोत्यांना सांगावयास नको. आर्मेनियातील मुलांवर शाळा कोसळली. येथे गणेशविसर्जनाच्या रात्री झोपेत असलेल्या मुलांवर स्वतःचे घर कोसळले. तेथे घंटा आणि वर्ग भयाची खूण झाली असेल, तर येथे अंधार, अंथरूण आणि दगडी भिंत झाली असणार, असे मला वाटते. भय कशाला चिकटते, हे प्रत्येक ठिकाणी नव्याने विचारावे लागते.

किशोरवयाबद्दल एक गोष्ट सांगावयाची राहिली. मूल आपला शोक एकदाच करून मोकळे होत नाही. बुद्धी वाढते तसे ते त्याच मृत्यूकडे पुन्हा येते आणि लहानपणी जे विचारता आले नव्हते ते विचारू लागते. चौदापंधराव्या वर्षी हा शोक बहुधा रागाच्या, अभ्यासातून मन उडाल्याच्या किंवा वाहन बेफाम हाकण्याच्या रूपाने बाहेर पडतो; आणि दहा वर्षांपूर्वीच्या मृत्यूशी त्याचा संबंध कोणी जोडत नाही.

आमच्या गल्लीतील तो मुलगा आता अकरावीत आहे. गेल्या दिवाळीत तो संध्याकाळी माझ्याकडे आला, थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलला आणि मग म्हणाला, "काका, बाबांची स्कूटर नेमकी कुठं घसरली, तुम्हाला ठाऊक आहे ना?" मी चपला पायात सरकवल्या आणि त्याला घेऊन त्या वळणापर्यंत चालत गेलो.