स्थाननिरपेक्ष यंत्रसंहिता : पत्ता आणि अंतर

पुसद शहरातील एखादे घर सांगण्याच्या दोन रीती आहेत. ४४५२०४ हा पिनकोड घालून लिहिलेला पूर्ण पत्ता, वाचणारा कोठेही असला तरी, बदलत नाही. ‘येथून पुढे, डाव्या हाताचे तिसरे घर’ ह्या शब्दांचा अर्थ मात्र बोलणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असतो. प्रसंगानुसार अर्थ पालटणाऱ्या अशा शब्दांना ओटो येस्पर्सन यांनी १९२२ साली ‘शिफ्टर’ ही संज्ञा दिली. व्यवहारात पहिली रीत अधिक भरवशाची वाटते. परंतु धरणाखाली जाणारे एखादे गाव, घरांची मांडणी तशीच राखून, नव्या जागी वसविले तर लिहिलेले सर्व पत्ते खोटे ठरतील. ‘येथून तिसरे घर’ हे वर्णन मात्र खरे राहील. स्थाननिरपेक्ष यंत्रसंहितेचे मूलतत्त्व हेच होय.

कंपायलर आज्ञावलीचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करतो, तेव्हा ती स्मृतीत कोठे ठेवली जाईल हे त्यास सामान्यतः ठाऊक नसते. आज्ञांत पत्ते लिहावेत व लोडरने ते मागाहून दुरुस्त करावेत, हा एक उपाय होय. मुंबईच्या आय.आय.टी.तील डी. एम. ढमढेरे यांच्या ‘सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग अँड ऑपरेटिंग सिस्टिम्स’ ह्या ग्रंथात आज्ञावलींचे स्थलांतर-अक्षम, स्थलांतरक्षम व स्वयंस्थलांतरक्षम असे वर्ग केलेले आढळतात. परंतु एकच लायब्ररी अनेक आज्ञावली निरनिराळ्या पत्त्यांवर वापरीत असतील, तर दुरुस्तीमुळे प्रत्येकीस वेगळी प्रत लागते व स्मृती वाया जाते. आज्ञांत दुरुस्तीची गरजच उरू नये, असा प्रयत्न म्हणून करावा लागतो.

त्यासाठी आज्ञेत पत्त्याऐवजी अंतर लिहितात. समजा, १००० ह्या पत्त्यावरील आज्ञा ५ बाइटांची असून तिला १२०० येथे जावयाचे आहे. पुढील आज्ञा १००५ वर असल्याने लिहावयाचे अंतर १९५ होय. संपूर्ण संहिता ५०,००० ने सरकविली, तर ५१,००५ मध्ये तेच १९५ मिळविले असता ५१,२०० हे योग्य स्थान येते. आज्ञेतील एकही अंक बदलावा लागत नाही.

खरी अडचण दुसऱ्या लायब्ररीतील वस्तूंची आहे. दोन लायब्रऱ्या स्वतंत्रपणे स्मृतीत बसत असल्याने त्यांच्यातील अंतर आधी ठरत नाही. ह्याकरिता लिंकर ‘ग्लोबल ऑफसेट टेबल’ नावाची सारणी तयार करतो. संहितेपासून सारणीचे अंतर निश्चित असते. सारणीत खरे पत्ते लोडर भरतो. आज्ञा ‘येथून अमुक अंतरावरील सारणीत पाहा’ एवढेच सांगते. सारणीची प्रत प्रत्येक प्रक्रियेस वेगळी मिळते. आज्ञांची प्रत मात्र सर्वांस एकच पुरते.

ह्याचे मोल द्यावे लागते. ३२-बिट एक्स८६ प्रोसेसरवर चालू आज्ञेचा पत्ता थेट वाचता येत नसे. पुढच्याच आज्ञेस ‘कॉल’ करून परतीचा पत्ता स्टॅकमधून उचलावा लागे, आणि सारणीसाठी बहुधा एक रजिस्टर अडून राही. ६४-बिट रचनेत चालू आज्ञेपासूनचे अंतर देऊन विदा वाचण्याची सोय असल्याने हा भार पुष्कळ हलका झाला.

स्मृतीच्या बचतीइतकाच सुरक्षिततेचाही प्रश्न येथे आहे. आज्ञावली प्रत्येक वेळी वेगळ्या पत्त्यावर ठेवली, तर हल्लेखोरास तिच्यातील स्थाने आधी ओळखणे कठीण जाते. उलट, सारणी लिहिण्यायोग्य राहिल्यास तिच्यातील पत्ते बदलून आज्ञावली भलतीकडे वळविता येते. म्हणून भरणीनंतर ती केवळ वाचनीय करण्याची पद्धत आहे. तात्पर्य, स्थाननिरपेक्षतेने पत्ते नाहीसे होत नाहीत. बदलणारे सर्व पत्ते एका ठिकाणी गोळा होतात, आणि जपावयाची जागाही तीच ठरते.